कालीपा एजेच्या चार खाटा

कालीपा एजेकडे चहाचा प्याला अर्धा मिळाला, तर समजावं की बाई खुशीत आहे. आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धाच ओततात. तो संपवून त्याने पुन्हा मागावा, आणखी बसावं, आणखी बोलावं, असा त्याचा अर्थ. काठोकाठ भरलेला प्याला पुढे आला, की तो पिऊन मुकाट्याने उठायचं असतं. कुठलंही भलं माणूस पाहुण्याला असा प्याला देत नाही. एजे सर्रास द्यायची. तिच्या तपासणीच्या खोलीत शेगडीवर किटली सदा उकळत असे. एखादा म्हातारा काठी टेकत, धापा टाकत यायचा, खुर्चीत बसायचा, आणि ‘काय होतंय?’ असं विचारलं की सवयीने म्हणायचा, “खुदाची मेहेर, सगळं ठीक.” झालं! एजे प्याला काठोकाठ भरून त्याच्यापुढे आदळायची.

“ठीक आहे ना? मग हा प्या आणि चालू पडा. मला आजारी माणसं बघायचीत.”

मग म्हातारा ओशाळायचा, गुडघ्यापासून सुरुवात करायचा आणि अर्ध्या तासाने छातीपर्यंत पोचायचा. आमच्या लोकांचं हे असंच आहे. मेंढीला शिंक आली तर दहा जणांना सांगतील, पण स्वतःला रक्ताची उलटी झाली तरी ‘ठीक’. दुखणं बोललं की दुखणं वाढतं, आणि चारचौघांत बोललं की घराण्याची लाज जाते. हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं आहे.

मी बेइशेन. ताश-बुलाकच्या गावकचेरीत सव्वीस वर्षं चिटणीस आहे. गावात जे काही होतं ते माझ्या कागदावरून होतं, आणि जे होत नाही तेही माझ्याच कागदावर अडतं, असं लोक म्हणतात. खोटं नाही म्हणत. एजे म्हणजे थोरली ताई; ती शाळेत माझ्यापुढे दोन वर्षं होती. तिच्याबद्दल सांगायला गावात माझ्यापेक्षा लायक माणसं बरीच आहेत, पण त्यांच्या मनावर माझ्याइतकं ओझं नाही.

ती धनगराची मुलगी. सोळा वर्षांची असताना एका मेंढीच्या पोटात कोकरू आडवं आलं. बाप्ये नुसते भोवती उभे राहून सुरीची भाषा करत होते. हिने बाही वर केली, कोपरापर्यंत हात घातला, कोकरू फिरवलं आणि पायाला धरून बाहेर ओढलं. तेव्हा सरकारी शेतीचा कारभार होता. त्या शेतीचा मुख्य ते बघत होता. तो म्हणाला, ‘हिला शहरात पाठवा, फेल्डशरचं शिकू दे.’ फेल्डशर म्हणजे डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. आमच्याकडे मात्र डॉक्टर, नर्स, सुईण, दंतवैद्य, सगळं तीच. एजे पुढे म्हणायची, “धंदा मला मेंढीने शिकवला. शहरात फक्त नावं शिकले.”

ती परत आली तेव्हा ताश-बुलाकला बारा खाटांचं रुग्णालय होतं. पुढे देश मोडला, सरकारी शेती मोडली, डॉक्टर आपल्या मुलखात निघून गेला. रुग्णालय ‘तात्पुरतं’ बंद झालं, आणि तात्पुरतं बंद झालेलं आमच्याकडे कायमचंच बंद असतं. छपराचे पत्रे एका हिवाळ्यात गेले, दारं दुसऱ्या. लोखंडी खाटा लोकांनी उचलल्या. गावातून फिरताना अजून दिसेल, कुणाच्या कुंपणाला खाटेचा उशाकडचा भाग, कुणाच्या गोठ्याला पायथ्याकडचा. माझ्याही कुंपणाला एक होता. खोटं का बोलू!

एजेला उरली एक खोली, एक कपाट, आणि पुढे अक-बेलची खिंड. ही खिंड नोव्हेंबरात बर्फाने बंद होते आणि मार्च सरता सरता उघडते. जिल्ह्याचं रुग्णालय तिच्या पलीकडे. म्हणजे पाच महिने ज्याला मरायचं असेल त्याने इथेच मरावं, ज्याला जन्मायचं असेल त्याने इथेच जन्मावं, आणि दोन्हीकडे एजे हजर. नवरा लवकर गेला. मुलगा बिश्केकला टॅक्सी चालवतो. तो दर उन्हाळ्यात म्हणायचा, ‘आई, चल.’ ती म्हणायची, “माझ्या जागी कोण येतंय ते सांग, लगेच निघते.”

तोक्तोसून गावप्रमुख झाला आणि एके दिवशी नवा कायदा घेऊन माझ्या टेबलाशी आला. माणूस उत्साही. कायदा असा, की गावकचेरीने इमारत द्यावी, कोळसा द्यावा, झाडलोटीला माणूस द्यावं; मग जिल्हा सुईण देईल, औषधं देईल, आणि चार खाटांचं छोटं रुग्णालय मंजूर करील. अट एकच. जिल्ह्याच्या समितीने येऊन गरज पाहिली पाहिजे.

“गरज पाहायला काय, गरज म्हणजे आमच्याकडे डोंगर आहे!” तोक्तोसून म्हणाला.

एजेला सांगितलं. मग तिने मला अर्धा प्याला चहा दिला, तो संपल्यावर पुन्हा अर्धा, आणि पुन्हा अर्धा. तिसऱ्या प्याल्याला म्हणाली, “बेइशेन, सुईण खरंच येईल? येऊन राहील?”

“कायद्यात आहे.”

“मग मी बिश्केकला जाऊन येईन. तिथे माझं एक काम आहे. बरेच दिवस राहिलंय.”

आम्हाला वाटलं, मुलाकडे जायचं असेल.

जुनी लोकर कातरायची शेड आम्ही गावकीच्या मेहनतीने उभी केली. बाप्यांनी छप्पर घातलं, बायकांनी माती-भुशाचं लिंपण केलं. भिंतींना चुना लागला. खाटा कुठून आणायच्या? एजे स्वतः कुंपणाकुंपणाने फिरली. “हा तुझा कुंपणाचा तुकडा माझ्या खाटेचा आहे. दे इकडे.” कुणी हसत दिला, कुणी कुरकुरत. माझ्या कुंपणाचा मी स्वतः कापून नेला, आणि उरलेल्या भगदाडातून शेजाऱ्याची गाय महिनाभर माझ्या बटाट्यात. जोडून, ठोकून, रंगवून चार खाटा झाल्या. एकही दुसरीसारखी नव्हती. एजेने त्यांवर पांढऱ्या चादरी घातल्या आणि खोलीला कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली.

त्या उन्हाळ्यात ती लोकरीचे बूट घालून फिरायची. जूनमध्ये! आम्ही काही कमी चावट नाही. “काय एजे, बर्फ पडला का यंदा लवकर?” ती म्हणायची, “माझा हिवाळा माझ्या पायात आहे, तुम्ही आपलं डोकं सांभाळा.” आम्ही हसायचो. दुसरे जोडे तिच्या पायांत शिरत नव्हते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असेल तर कुणी बोललं नाही.

समितीची तारीख आली जुलैची. एजे पत्र हातात घेऊन कचेरीत आली ती दारातूनच ओरडत.

“जुलैत? जुलैत इथे आहे कोण? अख्खं गाव वर कुरणावर! त्यांना सांगा, फेब्रुवारीत या.”

“एजे, फेब्रुवारीत कसे येतील? खिंड बंद असते,” तोक्तोसून म्हणाला.

“अरे, तेच! तेच बघायला या म्हणावं!”

“पण येणार कसे?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग खुर्चीत बसली आणि हसत सुटली. इतकी हसली की तिला धाप लागली. “बरोबर आहे बाबा. ज्यांना गरज बघायची त्यांना रस्ता पाहिजे, आणि रस्ता असला की गरज दिसत नाही. लिही, बेइशेन. जुलैत या म्हणून लिही.”

मग ती कामाला लागली. वर कुरणावर घोड्याने जाऊन एकेका तंबूत बसली, आणि त्या दिवशी सकाळी खाली रुग्णालयात यायचं असं एकेकाकडून कबूल करून घेतलं. साद्यक अक्साकाल, गावातले सगळ्यांत वडीलधारे, ज्यांची छाती हिवाळाभर भात्यासारखी वाजते. रक्तदाबाच्या तिघी. मुतखड्याचा एक. आणि माझी सून झिपार. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, आता चौथा महिना होता, डिसेंबरात दिवस भरणार. एजेने सगळ्यांची यादी केली, नाव, वय, दुखणं, कधीपासून. कागदाची घडी घालून तो माझ्याकडे दिला.

“ती मोठी डॉक्टर आली की आधी हा तिच्या हातात. माझ्यासमोर हे लोक बोलतात, तिच्यासमोर बोलणार नाहीत. मला माहीत आहेत सगळे एकेक. कागदाला लाज नसते.”

मी कागद चापानच्या, म्हणजे माझ्या लांब अंगरख्याच्या, आतल्या खिशात ठेवला. उघडला नाही. दुसऱ्याचं दुखणं वाचू नये, असं मला वाटलं. मोठा सभ्य मी!

आदल्या दिवशी तोक्तोसून, जो मला थोरल्या भावाच्या मानाने बाइके म्हणतो, म्हणाला, “बाइके, ओसाड गावात पाहुण्यांना जेवायला काय घालायचं? धूळ? सगळे वर आहेत. घोडीच्या दुधाचा किमिझ वर, मेंढ्या वर. आधी वर नेऊ, मग उतरताना रुग्णालय दाखवू.”

मला ते पटलं. मला ते मनापासून पटलं, हे आधी सांगतो. जिल्ह्याहून तीन माणसं येणार, आणि त्यांना उपाशीपोटी चार रिकाम्या खाटा दाखवायच्या? आमच्या बापजाद्यांत कुणी केलं नाही. बायकोने आणखी भर घातली. “झिपार खाली कशाला जाते? पाहुण्यांना किमिझ ओतायला हात कोणाचे? आणि चौथ्या महिन्यात परक्यांसमोर पोट मिरवायचं? नजर लागली म्हणजे?” मी झिपारला म्हटलं, राहा वर. ती मान खाली घालून राहिली. सुनेने सासऱ्याला उलट बोलायचं नसतं.

समितीच्या प्रमुख डॉक्टर रायखान सापारोव्हना. चांगल्या बाई, थकलेल्या डोळ्यांच्या. गावाच्या वेशीवर गाडी थांबली तेव्हा त्यांनीच विचारलं, “आधी इमारत बघू या का?” तोक्तोसून हात जोडून म्हणाला, “अहो, इमारत कुठे पळून जातेय? किमिझ मात्र शिळा होईल.” त्या माझ्याकडे बघून हसल्या. तेवढ्यात मी म्हणायला हवं होतं, हो, आधी इमारत. खाली पांढरा डगला घालून एजे दारात उभी होती, वेशीवरून तिचा पांढरा ठिपका दिसत होता. मी गाडीचं दार लावलं आणि ड्रायव्हरला वरचा रस्ता दाखवला.

खाली काय झालं ते मला नंतर कळलं. साद्यक अक्साकाल खाटेवर बसले होते. त्यांनी खिडकीतून गाडी वर जाताना पाहिली. पाहुणे कुरणावर, जेवणाचा दस्तरखान अंथरला जाणार, आणि सगळ्यांत वडील माणसाची जागा रिकामी? ते उठले, घोड्यावर बसले आणि निघाले. त्यांच्यामागून मुतखडेवाला, त्याच्यामागून तिघीही, कारण पिठाचे बोरसोक तळायला माणसं कमी पडतील. एजे दारात आडवी आली, शिव्या दिल्या, “मेल्यांनो, मरायला तरी थांबा!” म्हणाली. कुणी थांबलं नाही. एक तापलेलं पोर आणि त्याची आई तेवढी उरली. पोराला सोडून एजेला वर येता येईना.

वर काय बहार होती! असला पाहुणचार ताश-बुलाकने कित्येक वर्षांत केला नसेल. मानाचं मेंढीचं डोकं रायखान सापारोव्हनांपुढे. घोड्यांची शर्यत. किमिझ असा की तिघांचे चेहरे लाल. झिपार सैल झग्यात पोट लपवून ओतत होती. बाई खरोखर चौकशी करत होत्या, हे कबूल केलं पाहिजे. एकेकाला विचारत होत्या.

“अक्साकाल, छाती कशी आहे?”

“घोड्यासारखी, मुली!” साद्यक अक्साकाल म्हणाले, आणि पुरावा म्हणून त्यांनी लांबलचक दुआ एका दमात म्हटली. शेवटी चेहरा जांभळा पडला, पण खोकला त्यांनी गिळला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

“आणि तुम्ही, ताई?”

“खुदाची मेहेर. सगळं ठीक.”

“तुम्ही?”

“आमच्या पहाडात कुठला आजार, बाईसाहेब! हवा बघा, पाणी बघा.”

कागद माझ्या छातीशी होता. भाकरी मांडलेल्या कापडावर आजारपणाची यादी ठेवायची? जेवण झाल्यावर देऊ. जेवण झालं, तर गाणं सुरू झालं. गाण्यानंतर देऊ. गाण्यानंतर बाईंच्या खांद्यावर चापान घातला, सगळे हसले, फोटो काढले. मग ड्रायव्हर म्हणाला, इथून एक वाट थेट खिंडीकडे उतरते, गावातून जायची गरज नाही, अंधारापूर्वी खिंड ओलांडू. रुग्णालयाचे फोटो मी माझ्या फोनवर दाखवले. “वा, स्वच्छ आहे,” बाई म्हणाल्या. त्या गाडीत बसताना मी खिशात हात घातला. बायकोने माझी बाही धरली आणि दातांतल्या दातांत म्हणाली, “निघालेल्या माणसाच्या हातात दुखणं देता? रस्ता नीट जाऊ दे त्यांचा.” मी हात बाहेर काढला आणि तोच हलवून निरोप दिला.

संध्याकाळी खाली आलो. एजे पायरीवर बसली होती, डगला अजून अंगात.

“आले नाहीत,” ती म्हणाली.

“खिंडीत अंधार पडला असता.”

“कागद दिलास?”

“दिला,” मी म्हटलं.

एवढं एक खोटं. तेव्हा ते फार मोठं वाटलं नाही. वाटलं, समिती चांगली होती, खुशीत गेली आहे, मंजूर करतील. पाहुणचाराचं फळ मिळतंच. एजेने मान डोलावली, आत गेली आणि माझ्यासाठी चहा आणला. अर्धा प्याला.

ऑक्टोबरात पत्र आलं. एजेच्या खोलीत मीच वाचून दाखवलं. ‘लोकसंख्येचे आरोग्य समाधानकारक. ज्येष्ठ नागरिक सक्रिय व घोडेस्वारीस सक्षम. हवामान व आहार आरोग्यास पोषक. स्थानिक प्रशासनाने केलेले स्वागत उल्लेखनीय. चार खाटांच्या रुग्णालयाची गरज सद्यःस्थितीत आढळून येत नाही. वर्षातून दोनदा फिरते पथक पाठविण्यात येईल, रस्ता खुला असल्यास.’

तोक्तोसून कपाळाला हात लावून बसला. आपणच आपल्या पायावर कुऱ्हाड मारली, आणि तीही सोनेरी मुलाम्याची! एजेने पत्र माझ्या हातून घेतलं, पुन्हा वाचलं.

“एकही नाव नाही यात. माझ्या कागदातलं एकही नाव नाही.”

मी लिफाफ्याची घडी घालू लागलो.

“बेइशेन, दिला होतास ना?”

“दिला होता, एजे.”

ती शेगडीशी गेली. प्याला घेतला, ओतत राहिली, ओतत राहिली, आणि कडेपर्यंत आल्यावर थांबली. तो तिने माझ्यापुढे ठेवला. आदळला नाही. मी तो प्यायलो आणि उठलो. तिला कळलं होतं. त्यानंतर त्या कागदाचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. चापान पेटीत गेला, कागदासकट. मला तो बाहेर काढायचा धीर झाला नाही.

कचेरीला ती चार खाटांची खोली कोळसा आणि निवडणुकीच्या पेट्या ठेवायला हवी होती. एजेने किल्ली दिली नाही.

नोव्हेंबरात खिंड बंद झाली आणि डिसेंबरात एके दिवशी झिपारला सकाळी कळा सुरू झाल्या. एजेने तिला घरी राहू दिलं नाही, त्या खोलीत आणलं, दोन शेगड्या पेटवल्या. मूल पायाळू होतं. मी बाहेर बर्फात उभा होतो आणि आतून एजेचा आवाज येत होता. “ओरड, बाई, ओरड! इथे सासरा नाही, पाहुणे नाहीत, ‘ठीक’ कुणाला सांगायचं नाही. दुखतंय तर दुखतंय म्हण!” झिपार ओरडत होती. मी लग्नापासून तिचा आवाज एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. दुपार कलताना मूल रडलं. मुलगी. दोघी जगल्या.

मी आत गेलो तेव्हा एजे शेजारच्या खाटेवर बसली होती, उठता येत नव्हतं. लोकरीचे बूट तिने सुरीने वरून खालपर्यंत चिरले होते. त्यातून पाय फुगून बाहेर आले होते. ओठ निळसर. मी विचारलं, “एजे, तुझी तब्येत?”

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत तोच जुना खट्याळपणा होता.

“खुदाची मेहेर,” ती म्हणाली. “सगळं ठीक. आण मला काठोकाठ प्याला.”

मी हसलो. देवाशपथ, मी हसलो.

फेब्रुवारीत एका घरी न्यूमोनियाचं पोर बघून येताना ती वाटेत बसली ती उठलीच नाही. तिला तिच्याच खोलीत, तिच्याच खाटेवर आणलं. कुंपणातून गोळा केलेल्या त्या चार खाटांची ती दुसरी आणि शेवटची रुग्ण. जिल्ह्याला फोन केला. उत्तर आलं, रस्ता उघडला की घेऊन या. तोक्तोसूनने ट्रॅक्टर घेऊन खिंडीकडे जाऊन पाहिलं, बर्फाच्या भिंतीला धडका देऊन परत आला, आणि कचेरीच्या पायरीवर बसून रडला. साद्यक अक्साकाल काठी टेकत आले, तिच्या उशाशी बसले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “पोरी, माझी छाती फार दुखते गं. रात्र रात्र झोप नाही.” आयुष्यात पहिल्यांदा. तिने डोळे उघडले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. बासष्ट पूर्ण झाली नव्हती.

मातीला जायचं म्हणून झिपारने पेटीतून माझा चापान काढला. झटकला आणि कागद पडला. तिने तो उघडला आणि मोठ्याने वाचला, माझ्यासमोर, डोक्यावरचा रुमाल नीट न करता. साद्यक, छाती. त्या तिघी. मुतखडा. ‘झिपार, चोवीस वर्षं, पहिलं मूल दगावलेलं, डिसेंबरात प्रसूती, धोका.’ आणि सगळ्यांत खाली, त्याच अक्षरात: ‘कालीपा, एकसष्ट, फेल्डशर. हृदयाची झडप निकामी, दोन वर्षं. बिश्केकला शस्त्रक्रिया करायला सांगितली आहे. जागी कोणी आल्याशिवाय जाता येत नाही.’

झिपारने कागदाची घडी घातली, चापानच्या खिशात होती तिथेच ठेवली, आणि चापान माझ्या हातात दिला.

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत खिंड उघडली. एजेचा मुलगा बिश्केकहून आला, आणि कुणाला वाटलं नव्हतं, रायखान सापारोव्हनाही आल्या. थडग्यापाशी त्या खरंच रडल्या. जेवणानंतर तोक्तोसूनने त्यांना चहाला माझ्या घरी आणलं. बाईंनी प्याला हातात धरला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “सोमवारी आमची बैठक आहे. ताश-बुलाकचा विषय मी पुन्हा काढू शकते. नवीन माणूस, त्या चार खाटा, सगळंच. पण माझ्याकडे दाखवायला काही पाहिजे. तुम्ही सव्वीस वर्षं इथे लिहिताय, बेइशेन बाइके. खरं सांगा. गावात लोकांच्या तब्येती कशा आहेत?”

मी त्यासाठीच तो चापान घातला होता. कागद छातीशी होता. सबंध मार्च मी मनात घोकत आलो होतो, की बाई आल्या तर काहीही न बोलता तो कागद काढून भाकरीच्या शेजारी ठेवायचा. दस्तरखानाभोवती म्हातारे बसले होते, साद्यक अक्साकालही होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. पाहुणी माझ्या घरात होती, माझ्या भाकरीशी होती. आणि माझं तोंड, साठ वर्षं जे म्हणत आलं तेच म्हणून गेलं.

“खुदाची मेहेर,” मी म्हटलं. “सगळं ठीक आहे.”

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी हळूच प्याला खाली ठेवला.

झिपार दाराशी किटली घेऊन बसली होती, पाठीला मुलगी बांधलेली. ती उठली, माझा प्याला उचलला आणि ओतायला लागली. अर्ध्यावर थांबली नाही. सगळे बघत होते. प्याला कडेला आला तेव्हा तिने किटली बाजूला केली, दोन्ही हातांनी तो धरून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. माझ्याच घरात, माझ्याच सुनेने.

चहा कढत होता. मी तो सगळा प्यायलो, उठलो आणि बाहेर अंगणात गेलो. कागद खिशातच होता.